प्रतिकृती आणि पुरावा

बीदरच्या किल्ल्यातील मातीला एक विलक्षण गुण आहे. जस्त आणि तांबे यांच्या मिश्रधातूचे ओतीव भांडे तापवून त्यावर ही माती नवसागराबरोबर कालवून चोळली, म्हणजे धातू काळाभोर होतो. पण त्या धातूत जडविलेल्या चांदीला मात्र तो काळेपणा शिवत नाही. बिदरी कामाचे सारे रहस्य या एका गुणात साठविलेले आहे. साच्यातून निघालेली सुरई किंवा डबी ही अगदी ओबडधोबड असते. कारागीर ती कानशीने घासतो, मोरचुदाच्या पाण्याने तिला तात्पुरता काळा रंग देतो, त्यावर हाताने वेल रेखतो, छिन्नीने ती वेल कोरतो आणि कोरलेल्या चरीत चांदीची तार ठोकून बसवितो. साचा दहा भांड्यांना एकच असू शकतो. परंतु दहांपैकी कोणत्याही दोन भांड्यांवरील वेल तंतोतंत सारखी नसते. या कलेला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ साली बीदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देण्यात आली. तेव्हापासून परगावचे पाहुणे आमच्याकडे येतात ते बिदरीची चौकशी करीतच येतात.

मात्र प्रस्तुत लेख बिदरीवर नाही. तो एका प्लास्टिकच्या विमानावर आहे. दोहोंचा संबंध काय, हे सांगावयाचे तर गेल्या दिवाळीच्या सुटीपासून आरंभ करावा लागेल.

माझा पुतण्या अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. सुटीत घरी येताना त्याने विमानाच्या प्रतिकृतीचा एक खोका आणला. खोक्यात करड्या प्लास्टिकच्या चौकटी होत्या आणि झाडाला फळे लागावीत तसे त्या चौकटींना विमानाचे सुटे भाग लागलेले होते. पंख, चाके, पंखे, वैमानिकाची खुर्ची हे सारे एकेक करून कापावयाचे, घासावयाचे आणि डिंकाने जोडावयाचे. विमान होते लँकास्टर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिशांचे चार एंजिनांचे बाँबफेकी विमान. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार १०२ फूट. प्रतिकृतीचे प्रमाण एकास बहात्तर. म्हणून टेबलावरील विमानाचे पंख १७ इंच. या प्रमाणात सहा फुटी मनुष्य बरोबर एक इंचाचा होतो.

हा छंद पोरकट आहे, असे मी सुरुवातीस म्हणालो. पुढे त्याचा इतिहास वाचला आणि ते शब्द मागे घ्यावे लागले. इंग्लंडात १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने प्लास्टिकच्या जोडविमानांचे संच निघाले. १९४२ च्या जानेवारीत अमेरिकेच्या नौदलाने शाळाशाळांतील मुलांना आवाहन करून विमानांच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती मागविल्या. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे क्षणार्धात ओळखण्याचे शिक्षण सैनिकांना देण्यासाठी त्या हव्या होत्या, आणि त्यांचेही प्रमाण एकास बहात्तर हेच होते. युद्धानंतर निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थाने स्थापन केलेल्या एअरफिक्स कंपनीने १९५३ साली स्पिटफायर विमानाचा आणि १९५८ साली लँकास्टरचा संच काढला. ज्या वस्तूने एके काळी सैनिकांची नजर तयार केली, ती अशा रीतीने पोरांच्या हाती आली. प्रतिकृती ही मुळात ओळख पटविण्याचे साधन होय, शोभेची वस्तू नव्हे. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील हकीकत त्यावरच उभी आहे.

आमच्या घरात माझी आत्या असते. तिचे वय पंच्याऐंशीच्या घरात आहे. तिचे बालपण बीदरजवळच्या एका खेड्यात गेले. १९४८ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात रात्रीबेरात्री विमाने येत आणि घरातील मोठी माणसे दिवा मालवून गप्प बसत, ही आठवण तिने आम्हांस अनेक वेळा सांगितलेली आहे. एकदा उजाडता उजाडता एक विमान अगदी खालून, शेतावरून गेलेले तिने पाहिले होते. पुतण्याने उत्साहाच्या भरात खोक्यावरील चित्र तिच्यापुढे धरले आणि विचारले, “आजी, तुम्ही पाहिलेलं विमान असंच होतं ना?”

आम्हां वकिलांच्या भाषेत याला सूचक प्रश्न म्हणतात. ज्या प्रश्नातच उत्तर दडलेले असते, तो प्रश्न आपल्या साक्षीदाराला सरतपासणीत विचारू नये, असा कायद्याचा दंडक आहे. मी पुतण्याला त्याबद्दल टोकणार, एवढ्यात आत्याने चष्मा नीट केला, चित्र जवळ घेतले आणि मान हालविली.

“पंखे चार होते ते खरं. पण हे काचेचे फुगे नव्हते त्याला. नाक लांबट होतं, मिटलेलं. आणि दिवे लागलेले नसत.”

काचेचे फुगे म्हणजे तोफांचे बुरूज. लँकास्टरच्या नाकावर, पाठीवर आणि शेपटीत असे तीन बुरूज असतात. साक्षीदाराने सूचक प्रश्नास होकार दिला तर त्या होकाराची किंमत थोडी. परंतु सूचक प्रश्न समोर असूनही त्याने नकार दिला, तर तो नकार गंभीरपणे घ्यावा लागतो. १८७२ च्या पुरावा अधिनियमाचे ६० वे कलम असे सांगत असे की, तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. जे पाहिले असेल ते पाहणाऱ्यानेच सांगितले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व कायम आहे. आमच्या घरातील साक्षीदार प्रत्यक्षदर्शी होती. आता हवा होता तो दुजोरा.

तो मिळण्यास फार दिवस लागले नाहीत. पश्चिम किनाऱ्यावरील वाचकांना १९६१ च्या डिसेंबरातील दाबोळीची धावपट्टी आणि तिच्यावर आलेली कॅनबेरा विमाने ठाऊक असतात. बीदरच्या धावपट्टीची गोष्ट मात्र त्यांच्या कानांवर क्वचितच गेलेली असते. म्हणून ती थोडक्यात सांगतो.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. पण वाटाघाटी पुढे सरकल्या नाहीत. संस्थानात रझाकारांचा जोर वाढला. चोहोंकडून भारतीय प्रदेशाने वेढलेल्या या संस्थानास शस्त्रे आणावयाची तर ती आकाशातूनच आणावी लागत. हे काम पत्करले सिडनी कॉटन नावाच्या एका ऑस्ट्रेलियन वैमानिकाने. १९४८ च्या उन्हाळ्यापासून त्याची विमाने कराचीहून रात्रीच्या वेळी उडत आणि बीदर व वरंगळ येथील धावपट्ट्यांवर शस्त्रे उतरवून परत जात. ही विमाने होती लँकास्ट्रियन.

लँकास्ट्रियन हे निराळे विमान नव्हे. ते लँकास्टरचेच रूपांतर होय. युद्ध संपत आल्यावर लँकास्टरचे तिन्ही बुरूज काढून टाकण्यात आले, नाकाला आणि शेपटीला पत्र्याचे निमुळते आवरण बसविण्यात आले, बाजूंना खिडक्या पाडण्यात आल्या, आणि बाँबफेकी विमान उतारूंचे विमान झाले. १९४५ साली इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया या मार्गावर अशीच विमाने चालू झाली. ब्रिटिश विमान कंपनीच्या लँकास्ट्रियनमध्ये अवघे नऊ उतारू बसत. पण त्याचा पल्ला मोठा आणि वेग चांगला होता. या रूपांतराने विमानाची लांबी सुमारे सात फुटांनी वाढली.

मिटलेले, लांबट नाक! आत्याने सांगितले होते ते हेच. पंचाहत्तरांहून अधिक वर्षे तिने ते नाक मनात जपून ठेवले होते आणि ते लँकास्टरचे नव्हे, तर लँकास्ट्रियनचे होते.

पुतण्यापुढे आता दोन मार्ग होते. खोक्यातले भाग खोक्यावरच्या चित्राप्रमाणे जोडून एक उत्तम लँकास्टर तयार करावयाचे, की कारखान्याने १९४५ साली जे केले तेच टेबलावर हाताने करून बीदरचे विमान घडवावयाचे? त्याने दुसरा मार्ग पत्करला. मग तीन आठवडे आमच्या जेवणघरातील टेबलाचा कारखाना झाला.

सात फूट भागिले बहात्तर म्हणजे एक इंचाहून किंचित अधिक. एवढी लांबी नाकाच्या आणि शेपटीच्या टोकांत मिळून वाढवावयाची होती. त्यासाठी त्याने पांगाऱ्याचे लाकूड घेतले; सावंतवाडीची खेळणी ज्या लाकडाची होत आली, तेच हे हलके लाकूड. पहिले नाक वाकडे झाले, दुसरे फार टोकदार झाले, तिसरे जमले. लाकडाचे रेषे दिसू नयेत म्हणून शंखजिऱ्याची पूड आणि लॅकर यांची लांबी करून ती त्यावर लावली, वाळविली, काचकागदाने घासली, पुन्हा लावली आणि पुन्हा घासली. पाठीवरील बुरुजाचे भोक प्लास्टिकच्या पातळ चकतीने बुजविले. बाजूंना बारीक भोके पाडून ती सुईकानशीने चौकोनी केली आणि त्यांत पांढऱ्या डिंकाचा पडदा धरला. तो वाळला की काचेसारखा स्वच्छ होतो. वैमानिकांच्या खुर्च्यांचे पट्टे चहाच्या पुड्यातील चांदीच्या कागदाचे केले. आकाशवाणीच्या तारेसाठी उरलेल्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर धरून मऊ केला आणि दोन्ही हातांनी हळूच ओढला. त्याची केसाएवढी तार निघाली. शेवटी पत्र्यांच्या सांध्यांवरून पातळ काळा रंग फिरवून वरचा पुसून टाकला, तेव्हा तो सांध्यांच्या रेघांतच राहिला आणि सारे अंग उठून दिसले. ते पाहताना मला किल्ल्याच्या मातीची आठवण झाली. बिदरीत काळेपणाने चांदी उठते, येथे काळेपणाने रेघ उठली. क्रिया उलट, हिशेब एकच.

या कामाच्या वेळी सिडनी कॉटनविषयी आणखी वाचीत असता मला एक गमतीची गोष्ट आढळली. हा मनुष्य स्वतःच अशा हातकामात वाकबगार होता. १९३९ साली त्याने एका लॉकहीड विमानाच्या तळाशी कॅमेरे लपविले, त्यांच्यावर सरकती झाकणे बसविली, भिंगांवर दव धरू नये म्हणून आतील उबदार हवा त्यांच्याकडे वळविली, आणि व्यापाऱ्याच्या वेषात जर्मनीवरून उडत छायाचित्रे काढली. युद्ध सुरू झाल्यावर त्याने स्पिटफायरमधील तोफा काढल्या, तोफांची भोके बंद केली, पत्र्यांच्या फटी लांबीने बुजविल्या, सारे अंग घासून गुळगुळीत केले आणि त्यास फिकट हिरवट रंग दिला. वजन आणि घर्षण कमी होऊन विमानाचा वेग वाढला. १८ नोव्हेंबर १९३९ रोजी अशा स्पिटफायरने आखेन शहरावरून पहिली टेहळणी केली. लांबी भरावयाची, घासावयाचे, रंग द्यावयाचा. पुतण्याने टेबलावर जे केले तेच कॉटनने खऱ्या विमानावर केले होते. हात तोच; पण एकाने तो सत्य दाखविण्यासाठी वापरला आणि दुसऱ्याने, निदान बीदरच्या बाबतीत, माल लपविण्यासाठी. पुढे इंग्लंडात त्याच्यावर खटला झाला आणि त्यास दंड भरावा लागला.

तथापि लपविलेला माल एकट्या कॉटनचाच नव्हता.

विमानाचे दोन अर्धे जोडण्यापूर्वी पुतण्याने काड्यापेटीच्या लाकडाच्या चिमुकल्या पेट्या करून आत चिकटविल्या. मी म्हटले, “अरे, जोड मिटल्यावर हे कोणाला दिसणार?” तो म्हणाला, “काका, दिसणार नाही, पण आत असेल. पेट्यांशिवाय हे विमान बीदरला आलंच नसतं.” या उत्तराने मला विचारात पाडले.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना संस्थानात शिरली. मुख्य तुकडी सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद, जहिराबाद या मार्गाने निघाली. १७ सप्टेंबरच्या पहाटे सेना बीदरमध्ये आली आणि त्याच दिवशी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. हा दिवस मराठवाड्यात मुक्तिदिन म्हणून आणि आमच्याकडे कल्याण कर्नाटक उत्सव दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशीच्या भाषणांत त्याच वर्षी रझाकारांनी गोरटा येथे केलेल्या कत्तलीचा उल्लेख होतो, आणि तो झालाच पाहिजे. परंतु सेना आल्यानंतर काय झाले, याचा उल्लेख क्वचितच होतो. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात हिंडून सरकारला अहवाल दिला. कारवाईच्या काळात व तिच्यानंतर संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. त्यांत मुसलमानांची संख्या फार मोठी होती, आणि सर्वांत अधिक झळ पोहोचलेले जिल्हे म्हणून समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे घेतली. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. जोड मिटला, आणि पेट्या आत राहिल्या.

मी हे कोणाचे पारडे जड वा हलके करण्यासाठी लिहीत नाही. गोरट्याची चिता आणि समितीच्या अहवालातील विहिरी यांची वजाबाकी होत नाही. फिर्यादीच्या साक्षीदाराला जो न्याय तोच बचावाच्या साक्षीदाराला, एवढेच न्यायालयाने आम्हांस शिकविले आहे. सत्य सांगावयाचे ठरविले, म्हणजे जे बाहेरून दिसणार नाही तेही आत ठेवावे लागते.

आमच्या भागाच्या इतिहासाचे आणखी एक दुर्दैव आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद हे म्हैसूर राज्यात राहिले. पूर्वेकडील काही भाग आंध्रात गेला. तेव्हापासून महाराष्ट्राचा इतिहास लिहिणारा उदगीरला थांबतो आणि कर्नाटकाचा इतिहास लिहिणारा बदामीहून निघून बहमनींच्या मदरशापर्यंत येऊन परततो. मधली माणसे घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी बोलत राहिली. त्यांची १९४८ ची आठवण कोणत्याच राज्याच्या पाठ्यपुस्तकाच्या साच्यात बसेना. साच्याला दोष देण्यात अर्थ नाही. साचा हा बहुतांसाठी असतो. कोणत्याही कंपनीचा संच लँकास्टर हे विमान कसे होते ते सांगेल. अमुक एका पहाटे अमुक एका शेतावरून गेलेले विमान कसे होते, हे तो सांगणार नाही. ते काम ज्याचे शेत त्याने, आपल्या हाताने, करावयाचे असते.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. हाताने भर घालणे सोपे आहे आणि म्हणूनच धोक्याचे आहे. विमान रंगवून झाल्यावर पुतण्याला त्याच्या पंखांवर गोळ्यांची भोके पाडावीशी वाटली. त्याने विमान “खरे वाटेल” असे त्याचे म्हणणे. मी त्यास विचारले, “गोळ्या लागल्याचा पुरावा काय?” तो निरुत्तर झाला आणि भोके पाडावयाची राहिली. एंजिनांच्या मागे धुराचे काळे पट्टे मात्र त्याने पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळून काढले, कारण मर्लिन एंजिनांच्या नळ्यांतून निघणारा धूर पंखांवर तसे डाग ठेवतो, हे छायाचित्रांवरून सिद्ध आहे. खरे वाटणे आणि खरे असणे यांत अंतर आहे. आमच्याकडे गावोगावच्या कहाण्यांत अशी भोके पुष्कळ पाडली जातात. ऐकणाऱ्याला ती आवडतात, आणि दोन पिढ्यांनंतर तीच इतिहास म्हणून उभी राहतात. बिदरीचा कारागीरसुद्धा जेथे चर कोरली तेथेच तार ठोकतो. चर नसता वरवर चिकटविलेली चांदी पहिल्या घासणीतच निघून येते.

बीदरच्या आकाशाला विमाने काही नवी नाहीत. १९६३ पासून येथे हवाईदलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. १९९६ साली ‘सूर्यकिरण’ हे कसरती विमानांचे पथक येथेच स्थापन झाले आणि किरण जातीच्या नऊ विमानांची रांग आम्ही लहानपणापासून डोक्यावरून जाताना पाहिली. २०११ साली ते पथक थांबले आणि पुढे हॉक विमाने घेऊन पुन्हा उभे राहिले. कलबुर्गीस २०१९ साली आणि बीदरला २०२० साली नागरी विमानतळही सुरू झाले. आज विमानाचा आवाज आला की आमची मुले अंगणात धावतात. आत्या मात्र अजूनही, सायंकाळ असेल तर, प्रथम दिव्याच्या बटणाकडे पाहते.

विमान पुरे झाले तेव्हा एकच काम शिल्लक होते. पंखांच्या टोकांना डावीकडे तांबडा आणि उजवीकडे हिरवा दिवा असतो. संचातील माहितीपत्रकात ते उजळ रंगाने रंगवावेत, असे लिहिले होते. पुतण्याने तांबड्या रंगाची बाटली उघडलीही होती. मग तो थांबला, आत्याच्या खोलीत गेला आणि या वेळी त्याने सूचक प्रश्न विचारला नाही. “आजी, दिव्यांचं काय करू?” एवढेच त्याने विचारले.

“मालवलेले ठेव,” आत्या म्हणाली.

त्याने दिव्यांच्या जागी रंगाऐवजी डिंकाचा एकेक थेंब ठेवला. विमान आता तिच्या खोलीतील कपाटावर, बिदरीच्या जुन्या पानदानाशेजारी उभे आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती ते दाखविते आणि आत पेट्या आहेत हे सांगावयास विसरत नाही.